फुलं आत्ता वाळवा, रेझिन दसऱ्यानंतर ओता

नमस्कार ताई,
मी चिपळूणला राहते, वय ४२. वर्षभरापासून घरी रेझिनची (हार्डनर नावाचा दुसरा द्रव मिसळला की जमून काचेसारखा कडक होणाऱ्या द्रवाची) कामं करते: कोस्टर, किचेन, नावाच्या पाट्या. यंदा पहिल्यांदाच लग्नातल्या हारांच्या फ्रेमच्या तीन ऑर्डरी घेतल्या आणि ॲडव्हान्सही घेतला. दोन हार अजून यायचे आहेत. तिसरा मैत्रिणीच्या लेकीचा, तो आठवडाभर फ्रिजमध्ये आहे. त्यात गुलाब, निशिगंध आणि शेवंती आहे. सोबत मुंडावळ्या, अक्षता, पत्रिकेचा तुकडा आणि नवरीच्या आजीच्या पैठणीचा काठ बसवायचा आहे. त्यासाठी मुलीकडचे पैठणी कापून देणार आहेत. नमुना म्हणून जूनअखेर गुलाबपाकळ्यांचे कोस्टर ओतले. साच्याकडची बाजू कडक झाली, पण वरून अजून बोट चिकटतं आणि पाकळ्यांभोवती दुधी वलय आलंय. पुढच्या वेळी हार्डनर थोडं जास्त घातलं, तर ते आणखीच मऊ राहिलं. सासूबाईंच्या पितळी कोयरीचा साचा करायचा म्हणून ती मुलाच्या क्लेमध्ये रोवून वरून सिलिकॉन ओतलं. ते क्लेजवळ जमलंच नाही, नक्षीत चिकट होऊन बसलंय. काम रात्री जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरात ओट्यावर करते. हल्ली मनगटांना खाज येते, मी खोबरेल लावते. चुकतंय कुठे? ऑर्डरी परत करू का?

तुमचं पत्र वाचताना मी शेवटून तिसऱ्या वाक्यापाशी थांबले. हार, कोयरी, ऑर्डरी या सगळ्याआधी मनगटाचं बोलू.

न जमलेलं इपॉक्सी रेझिन (तुम्ही वापरता ती जात) आणि त्याचं हार्डनर, दोन्ही त्वचेला ॲलर्जी जडवणाऱ्या पदार्थांत मोडतात. ही ॲलर्जी पहिल्या दिवशी येत नाही. महिनोन् महिने थोडं थोडं अंगाला लागत राहतं, शरीर ते ओळखायला शिकतं आणि मग एक दिवस चट्टे उठायला लागतात. एकदा ती पक्की जडली की बहुतेकांना आयुष्यभर राहते, आणि मग थेंबभर रेझिनही पुरतं. म्हणून खाज पूर्ण जाईपर्यंत ओतकाम बंद ठेवा. खोबरेलावर भागवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि 'इपॉक्सी रेझिन वापरते' हे त्यांना मुद्दाम सांगा. नाहीतर भांड्यांच्या साबणाची ॲलर्जी समजून उपचार होतील. पुन्हा सुरू कराल तेव्हा हातमोजे नायट्राइलचे आणि लांब बाह्यांच्या आत घातलेले हवेत. पातळ लेटेक्सचे नकोत. हाताला रेझिन लागलंच तर थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नका. त्याने रेझिन पातळ होऊन त्वचेत अधिक मुरतं. आधी कोरड्या कागदाने टिपून घ्या, मग साबण आणि पाणी. बाटलीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असलं तरी ते पूर्ण जमलेल्या वस्तूबद्दल असतं, हे धरून चाला. कोस्टरच्या कडा घासताना कागद ओला ठेवा आणि एन-९५ मास्क लावा. ती धूळ फुफ्फुसात जायला नको.

ओट्यावरचं काम तर आजच बंद करा. जिथे उद्या सकाळी पोळ्या लाटायच्या तिथे रेझिनचा थेंबही नको, हे एक कारण. दुसरं कारण तुमच्या चिकट कोस्टरांशी जोडलेलं आहे. हार्डनरमध्ये अमाईन नावाची रसायनं असतात. रेझिन जमत असताना ती वरच्या थरात हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात, आणि पृष्ठभागावर तेलकट, चिकट साय धरते. स्वयंपाकाचा गॅस जळताना हेच दोन पदार्थ तयार होतात. त्यात आषाढातलं चिपळूण, बाहेरची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर, खिडक्या पावसामुळे लावलेल्या आणि नुकताच तासभर गॅस चाललेला. घरात याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. साच्याकडची बाजू हवेपासून झाकलेली होती म्हणून ती कडक झाली. म्हणजे पहिल्या कोस्टरांत तुमचं माप बरोबरच होतं. ते कोस्टर टाकून देऊ नका. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने वरची साय घासून धुवा, दोन दिवस कोरडे होऊ द्या, ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकं घासा. कोरड्या हवेत त्यांच्यावर नवा पातळ थर छान बसेल.

दुसऱ्या वेळच्या कोस्टरांना मात्र इलाज नाही. हार्डनर जास्त घातलं की लवकर जमतं, हा समज पॉलिएस्टर रेझिनवरून आलेला आहे. तिथे थेंब थेंब घालतात ते उत्प्रेरक असतं, त्याने वेग बदलतो. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनरचे रेणू एकमेकांना जोडले जातात. ज्यांना जोडीदार मिळत नाही ते तसेच मोकळे राहतात आणि वस्तू कायमची मऊ राहते. (पॉलिएस्टर कधी वापरलंत तर एवढं लक्षात ठेवा: त्याचा कोबाल्ट (वेग वाढवणारं द्रव्य) आणि त्याचं कॅटॅलिस्ट (वर सांगितलेलं उत्प्रेरक) हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, नंतरच दुसरं.)

मापाचं अजून एक. बाटलीवरचं २:१ हे वजनाने आहे की आकारमानाने, ते नीट वाचा. रेझिन जड असतं, हार्डनर हलकं. आकारमानाने २:१ असलेलं रेझिन तुम्ही काट्यावर २:१ मोजलंत तर हार्डनर साधारण २० टक्के जास्त पडतं. आणि स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमपेक्षा बारीक माप सांगत नाही. दहा ग्रॅम हार्डनरमागे एक ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्के. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. ढवळताना कपाच्या कडा आणि तळ खरवडून सावकाश तीन-चार मिनिटं ढवळा, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेलं राहतं, आणि तेच ओतताना शेवटी खाली येऊन मऊ डाग पाडतं.

आता फुलं. पाकळ्यांभोवतीचं दुधी वलय म्हणजे पाकळीतलं पाणी. पुस्तकात दाबून वाळवलेली पाकळी पावसाळ्यात हाताला कुरकुरीत लागते आणि तासाभरात हवेतून पुन्हा ओल ओढून घेते. फ्रिजमधला हार आजच बाहेर काढा, हे पत्राच्या उत्तरातलं सर्वांत तातडीचं काम. फ्रिजने एक-दोन दिवस मिळतात. आठवड्याने पाकळ्यांच्या कडा काळवंडायला लागतात आणि त्या परत येत नाहीत. हार उसवा, चांगली फुलं निवडा. घट्ट झाकणाच्या डब्यात फुलं वाळवण्यासाठी मिळणाऱ्या बारीक सिलिका जेलचा थर घाला, त्यावर फुलं अंतर ठेवून मांडा आणि चमच्याने आणखी जेल घालून ती पूर्ण झाका, पाकळ्यांच्या मधल्या फटींतसुद्धा. झाकणाच्या कडेने टेप लावा. सुट्ट्या पाकळ्यांना तीन-चार दिवस लागतात, अख्ख्या गुलाबाला आठवडा किंवा जास्त. वाळलं की नाही हे बोटाने ठरवू नका. एक फूल छोट्या काट्यावर तोला, परत डब्यात घाला. दोन दिवस सलग वजन तेवढंच भरलं की ते वाळलं. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर तापवून ते पुन्हा वापरता येतं, पण त्यासाठीचा ट्रे वेगळा ठेवा. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं घातक संयुग असतं. केशरी-हिरवे मिळत असतील तर तेच घ्या.

प्रत्येक फूल वेगळं वागतं, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवं. लाल गुलाब वाळल्यावर काळसर किरमिजी होतो, म्हणून थोडा गुलाबी छटेचा असेल तर तो जास्त छान दिसतो. निशिगंधाची पाकळी जाड आणि मांसल. तिच्या कळ्या अख्ख्या ठेवल्या तर आतून तपकिरी होतातच, म्हणून उभ्या चिरून वाळवा. पांढरा रंग पांढरा राहत नाही, सायीचा होतो. शेवंतीचा गाभा दाट असतो आणि बाहेरून वाळली तरी आत ओल धरून राहते, तिच्या पाकळ्या सोडवून वाळवा. पुढच्या ऑर्डरींत झेंडू आला तर आनंद माना, त्याचा पिवळा-केशरी रंग फारसा हलत नाही. मोगरा मात्र तपकिरी पडतो. मोगऱ्याच्या गजऱ्याची फ्रेम मागितली तर मी तरी सरळ नाही म्हणेन.

वाळलेली फुलं हवाबंद डब्यात, सिलिकाच्या पुड्या टाकून, अंधारात ठेवा. ती महिनोन् महिने तशीच राहतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. वाळवण्याला एक दिवसाचीही सवड नाही आणि ओतण्याला मात्र वाटेल तेवढी आहे. आषाढी एकादशीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळपास नसतातच. ठरलेले दोन सोडले तर नवा हार येणार नाही, घाई करणारं कुणी नाही. दसऱ्यानंतर हवा कोरडी व्हायला लागेल तेव्हा ओता. ऑर्डरी परत करू नका. तिघांनाही आज फोन करून सांगा की फुलं व्यवस्थित वाळवून ठेवतेय, फ्रेम दिवाळीनंतर मिळेल, आणि थांबायचं नसेल तर ॲडव्हान्स परत देते. वाळलेल्या फुलांचा फोटो पाठवा, म्हणजे रंग कसा झाला ते ओतण्याआधीच त्यांनी पाहिलेलं असेल. आणि 'आयुष्यभर जशीच्या तशी राहील' हे वाक्य जाहिरातीतून काढून टाका. इपॉक्सी उजेडाने पिवळं पडतं. चांगल्या रेझिनमध्ये अतिनील किरणांपासून वाचवणारी द्रव्यं असतात, त्याने पिवळेपणा लांबतो, टळत नाही. फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावू नका, हे मागच्या बाजूला लिहून द्या.

तोवर हात रिकामे ठेवायची गरज नाही. खाज गेल्यावर नमुन्याचं काम करा, पण त्यासाठी ओट्यापासून लांब, खिडकी असलेली एक कोरडी जागा हवी. एसीची खोली असेल तर उत्तम. नसेल तर पत्र्याच्या मोठ्या ट्रंकेत साधा पिवळा बल्ब लावून जमणाऱ्या वस्तू त्यात ठेवता येतात, बल्बजवळ पेटेल असं काही नको. हिशेब असा की २८ अंशांवर ८८ टक्के आर्द्रता असलेली हवा तापून ३८ अंशांवर गेली की तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. पण उष्णतेने रेझिन लवकर जमतं आणि स्वतःही तापतं, त्यामुळे ट्रंकेत पातळ थराचीच कामं ठेवा. प्रत्येक वेळी ओतताना उरलेल्या रेझिनचा एक छोटा नमुना वेगळ्या साच्यात ओता, त्यात काहीही न घालता. फुलांचा कोस्टर बिघडला आणि नमुना कडक निघाला तर दोष फुलांच्या ओलीचा. दोन्ही चिकट राहिले तर दोष मापाचा, ढवळण्याचा किंवा हवेचा. ही एक सवय लागली की पुढे कुणाला विचारायची वेळ येणार नाही.

मोठ्या फ्रेमबद्दल दोन गोष्टी. एक फूट लांब-रुंद फ्रेमला एक सेंटिमीटरचा थर द्यायला साधारण एक किलो मिश्रण लागतं. तेवढं एका खोल कपात कालवून ठेवलंत तर ते तापून धूर सोडू शकतं. बाटलीवर एका वेळी किती जाडी ओतायची ते दिलेलं असतं, त्याच्या आतच राहा. आधी पातळ थर, तो शिऱ्यासारखा घट्ट होत आला की त्यावर फुलं, मग पुढचा थर. असं केलं की फुलं तरंगत नाहीत. अख्खा गुलाब जाड होतो, तो मागून अर्धा कापा. आणि मांडण्याआधी प्रत्येक फुलाला, मुंडावळ्यांच्या मोत्यांना, दोऱ्याला ब्रशने रेझिन चोळून भिजवा. मोत्याच्या भोकातली आणि दोऱ्याच्या पिळातली हवा नंतर एकेक बुडबुडा सोडत राहते.

अक्षतांची मला काळजी वाटते. हळद अल्कधर्मी पदार्थाच्या संगतीत लाल होते. चुना घालून हळदीचं कुंकू करतात ते याच गुणावर. हार्डनरही अल्कधर्मीच असतं, म्हणून पिवळ्या अक्षता लालसर होऊ शकतात, शिवाय हळदीचा रंग उजेडाने उडतो. घरच्या चार अक्षता नमुन्यात टाकून पाहा. आवडलं नाही तर त्या फ्रेममध्ये काचेच्या छोट्या कुपीत बसवा. पत्रिकेच्या कागदाला दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांना पाण्यात थोडा पातळ केलेला फेव्हिकॉल लावून पूर्ण वाळवा. नाहीतर कागद रेझिन पितो आणि वड्याखालच्या वर्तमानपत्रागत पारदर्शक होतो.

आता कोयरी. तुमचं सिलिकॉन १:१ मिसळायचं, दोन सारख्या बाटल्यांतलं असावं. ते बहुतेक प्लॅटिनम जातीचं असतं, आणि त्याला गंधक चालत नाही. मुलांच्या आणि कलाकामाच्या बऱ्याच तेलकट मातींत गंधक असतं. लेटेक्सच्या हातमोज्यांनीही असंच बिघडतं. जिथे माती लागली तिथेच ते अडलं, म्हणजे तुमच्या मिसळण्यात खोट नाही. कोयरी वाचेल. न जमलेलं सिलिकॉन आधी कापडाने पुसून काढा, मग रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन मऊ ब्रशने नक्षीत फिरवून पुसा, दारं-खिडक्या उघड्या ठेवून आणि हातमोजे घालून. शेवटी साबणाने दोनदा धुऊन खडखडीत वाळवा. मातीचा अंशही राहिला तर पुन्हा तेच होईल. नंतर कोयरीच्या बुडाला सिलिकॉनचा एक थेंब लावून रात्रभर ठेवा. सकाळी तो सुटा, कोरडा निघाला तरच पुढे जा.

माती न वापरता सनबोर्डची पेटी करा, कोपरे हॉट ग्लूने बंद करा आणि त्याच ग्लूच्या दोन ठिपक्यांवर कोयरी बसवा. कोयरीचं झाकण बंद ठेवा. बिजागरी आणि झाकणाची फट मेणाने भरा, नाहीतर सिलिकॉन आत शिरून झाकणच बसेल. नक्षीवर आधी ब्रशने पातळ हात द्या. मग पेटीच्या एकाच कोपऱ्यातून, बारीक धारेने, सिलिकॉन आपणहून वर चढेल असं ओता. भोवती आणि वर सेंटिमीटरभर जाडी हवी. साचा दोन भागांत करणार असाल तर दुसरा भाग ओतण्याआधी पहिल्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्या. सिलिकॉन पितळाला धरत नाही, पण सिलिकॉनला पक्कं धरतं. जोड कुठे ठेवायची, कुठली खाच साच्यातून सुटणार नाही, हे शिकायला सध्या तुमच्या गावातले गणपतीचे कारखाने चालू असतील. तिथे एक दुपार जाऊन बसा. मूर्तिकार रबरी साचा कुठून सोलायला घेतात आणि बाहेरून प्लॅस्टरचं कवच का घालतात, ते हात चालताना पाहिलं की पटकन उमगतं. पितळेवरचा ओरखडा न् ओरखडा साचा उचलतो, तेव्हा आधी कोयरी घासूनपुसून घ्या. पण ओरखडे सासूबाईंच्या बोटांचे असतील आणि तुम्हाला ते हवेच असतील, तर नुसती धुवा.

राहिली पैठणी. ती कापू देऊ नका. काठ कापला की ती साडी नेसायची राहत नाही, आणि रेझिनमध्ये गेलेलं कापड परत काढता येत नाही. त्यातून उघडं रेशीम रेझिन पिऊन काळपट होतं, जरीची झळाळीही कमी होऊ शकते. आजीच्या घरी विचारा, त्याच पैठणीच्या ब्लाउजपीसची चिंधी, जुना ब्लाउज किंवा त्याची उसवलेली बाही नक्की कुठेतरी असेल. बोटभर तुकडा पुरतो. त्यालाही फेव्हिकॉलचा हात द्या, आणि त्याच्याच एका कोपऱ्यावर आधी नमुना करून आजींना दाखवा. तसं काहीच मिळालं नाही, तर काठ रेझिनबाहेर ठेवायचा. पैठणी भिंतीवर अंथरा, काठाचा चांगला फोटो काढून कापडावर छापून घ्या आणि तो फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर, फुलांच्या मागे दिसेल असा लावा.

तुमची ताई